दोन ओळींपलीकडे न गेलेल्या माशा

येलहंक्याच्या पुढे अक्कांचं टोमॅटोचं रान आहे. अक्का आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या. त्यांचं घराणं कैक पिढ्या इथलं, त्यामुळे बोलण्यात अर्धं कन्नड. मी पुण्याहून आलेली, सरकारी प्रयोगशाळेत मित्रकीटक वाढवणारी. माझ्या सांगण्यावरून या हंगामात त्यांनी फवारणी बंद ठेवली. नवरा तयार नव्हता. "पीक गेलं तर यापुढे रानातल्या कशात बोलणार नाही म्हटलं त्यांना," असं अक्कांनी मला हसत सांगितलं. मीही हसले.

आमची माशी गांधीलमाशीच्या कुळातली, पण पूर्णविरामाएवढी. फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग पानावर अंडी घालतो, ती शोधून मादी त्यांत आपलं अंडं घालते. आतलं पिल्लू पतंगाचं अंडं खाऊन टाकतं, अंडं काळं पडतं आणि अळीऐवजी नवी माशी बाहेर येते. नर भेटला नाही तरी मादीचं अडत नाही, फक्त तिला मग सगळे मुलगेच होतात. अशी काळी अंडी चिकटवलेली कार्डं आम्ही पानांखाली टाचतो. माशा बाहेर पडून रानभर पसरतात. अक्कांच्या नवऱ्याला मी हे चित्र काढून समजावलं होतं.

टोमॅटोला भोकं पडायला लागली तेव्हा अक्कांनी बोलावलं. मी भिंग घेऊन वाकले. कार्ड टाचलेल्या झाडावरची अंडी काळी. शेजारच्या झाडावरचीही. दोन ओळी सोडून गेले, तर अंडी पांढरीच्या पांढरी. दुसऱ्या कार्डापाशी तेच, तिसऱ्यापाशीही तेच. माशा चालत जाता येईल तेवढ्यावरच पोचल्या होत्या.

"काय दिसतंय तायी?" नवऱ्याने विचारलं.

"पसरल्या नाहीत."

"सरकारी माशा ना! खुर्ची सोडत नसतील."

गडी हसले. अक्का हसल्या नाहीत. मला मान वर करवेना.

परतताना बसमध्येच कारण लक्षात आलं. ते मीच घालून दिलेल्या पद्धतीत होतं. प्रयोगशाळेतल्या बाटलीत माशा निघाल्या की आम्ही पतंगाच्या ताज्या अंड्यांचं कार्ड त्यांच्या अगदी पुढ्यात ठेवतो. जी मादी तिथल्या तिथे भराभर अंडी घालते, तिचीच प्रजा पुढच्या बाटलीत जाते. जी आधी उडू पाहते, दूर जाऊन मग अंडी घालावी अशा स्वभावाची, ती झाकणाच्या कापडाला धडकून मरते. पिढ्यान् पिढ्या आम्ही न उडणाऱ्या निवडत आलो आणि कार्डं गच्च भरतात म्हणून स्वतःची पाठ थोपटत राहिलो. उत्पादन उत्तम म्हणून माझं कौतुकही झालं होतं. त्या कौतुकाचा पेढा मी अक्कांना नेऊन दिला होता, हे आठवलं आणि बसमध्ये कान तापले.

दुसऱ्या दिवशी लांब खोक्याच्या एका टोकाला कार्ड ठेवलं, दुसऱ्या टोकाला दिवा. बहुतेक माशा कार्डाभोवतीच फिरत बसल्या. आता आम्ही बाहेरच्या शेतांतून रानटी माशा आणून, दिव्यापर्यंत उडत येतील त्यांचीच पैदास करतो. त्यांची कार्डं कमी भरतात. साहेब कुरकुरतात. कुरकुरू देत.

राहिलं अक्कांचं. त्यांचं पीक तर हातचं गेलं होतं. मी त्यांच्या घरी गेले आणि दोघांसमोर सांगितलं, "अक्कांचं काही चुकलं नाही. माशा माझ्या, पद्धत माझी."

"सरी, बरोबर आहे तायी. ते कळलं," नवरा म्हणाला. आवाजात राग नव्हता. "पण शब्द हिनं दिला होता."

मी अक्कांकडे वळले. रोपं कुठून आणायची, पाणी कधी सोडायचं, सगळं याच बाई ठरवत असत, आणि नवरा तंबाखू मळत ऐकत असे. मी म्हटलं, "अक्का, पुढच्या लावणीत कोपऱ्यातला स्वल्प तुकडा द्याल? नव्या माशा सोडून बघू."

अक्कांनी पदर खोचला. "त्यांना विचार," म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

मी त्यांना विचारलं. ते बराच वेळ दाराकडे बघत राहिले, आतून काही आवाज येईल म्हणून. आतून फक्त भांड्यांचा येत होता.