रिमार्कचा रकाना

आमच्या कामात किस्से साठत जातात, कारण ते ऐकवायला ऑफिसात दुसरं कोणी नसतं! माणिकपूरला दुसऱ्या मजल्यावर एक खोली, एक टेबल आणि मी. वेगवेगळ्या संस्थांची उपकरणं समुद्रात असतात. त्यांच्या नोंदी एका जागी आणायच्या, बोटींच्या तारखा जुळवायच्या, हे माझं काम. पद समन्वयकाचं. दिवसभर सगळ्यांना एकमेकांशी जोडते आणि संध्याकाळी मनवेलपाड्याच्या घराचं कुलूप स्वतःच उघडते.

*

पहिल्याच ऑनलाइन मीटिंगमध्ये विचारलं, "राजोडीच्या किनाऱ्यासमोर पाण्याचं तापमान कोण मोजतं?"

तीन संस्थांनी हात वर केले. तिघांचे बोये, म्हणजे यंत्रं बसवलेले तरंगते पिंप, जवळजवळ, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही! तिघांना नेणारे होडीवाले मात्र एकच, राजोडीचे आंतोनकाका.

"काका, सांगायचं नाही का?"

"कोनी विचारलं काय, बाय? मला वाटलं, तुमचा एकमेकांवर विश्वास नाय!"

*

एकदा पत्रात लिहिलं होतं, 'सहा वाजता निघणे.' काका पहाटेच भरतीला होडी लावून तयार. मंडळी उगवली साडेअकराला! पत्र लिहिणाऱ्याने सवयीने आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक वेळ टाकली होती, आणि मीही तपासली नव्हती. तोवर पाणी गेलं, होडी वाळूत बसली.

काका शांतपणे म्हणाले, "दर्याला तुमचा ईमेल मिळाला नाय वाटतं!"

*

माझा वाढदिवस होता. सगळ्यांच्या सामायिक कॅलेंडरवर मीच टाकून ठेवला होता. मीटिंगला अकरा जण. शेवटी विचारलं, "आणखी काही?"

"हो, एक आहे," एक ज्येष्ठ शास्त्रज्ञ म्हणाले. मी सावरून बसले.

"आजच्या तारखेला कोणीतरी काहीतरी टाकलंय, त्यामुळे बोट बुक होत नाहीये. काढाल का?"

काढलं! वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

*

राजोडीला एका खांबावर आकड्यांची पट्टी होती. रोज दहा वाजता काका तिच्यावर पाण्याची उंची बघून मला फोन करायचे. तो आकडा मी संस्थांना जाणाऱ्या फॉर्ममध्ये भरायचे. फॉर्मच्या शेवटी रिमार्कचा रकाना. तिथे वारा, लाटा, बिघाड लिहायचा. काका सांगायचे, "लिव, सून दुबईला गेली." "लिव, आज चर्चात मिसाला मी एकटाच." मी लिहायचे.

एका संस्थेचा ईमेल आला, "हे कुठल्या प्रकारचं निरीक्षण?"

मी कळवलं, "स्थानिक परिस्थिती!"

बाकीचे सगळे फोन समुद्रासाठी यायचे. हा एकच माझ्यासाठी असायचा.

*

मग सगळ्या संस्थांनी मिळून त्या खांबावर स्वयंचलित यंत्र बसवलं. जुळवाजुळव माझीच! आता रोज वाचायची गरज नाही, हे काकांना सांगायचंही मलाच. आठवडाभर टाळलं, मग सांगितलं.

"बरं हाय," म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दहाला यंत्राचा आकडा आला. रिमार्कचा रकाना रिकामा. मी फोनकडे बघत बसले होते. पाच मिनिटांनी तो वाजला.

"तीन मीटर वीस. पानी अजून चढतंय."

"काका, आता मशीन पाठवतं."

"म्हाइत हाय. मशीन रिमार्क देतं काय?"

"नाही."

"मग लिव. सुनेचा फोन आलता. नातू चालाय लागला."

मी लिहिलं.

"माझं झालं," काका म्हणाले. "आता तुझं सांग."

फोन ठेवला तेव्हा स्क्रीनवर यंत्राचे आकडे उतरत होते, ओहोटी लागली होती!