हेडफोन माझे, ढोलकी सासऱ्यांची

आमच्या घरात ऐकायचं सगळ्यात महागडं यंत्र माझ्याकडे आहे आणि सगळ्यात चुकीचं ऐकू मलाच येतं.

ऐरोलीच्या ऑफिसात एका सहकाऱ्यानं सांगितलं, की हेडफोन विकत घेऊन भागत नाही, ते ‘सुधारून’ घ्यावे लागतात. इंटरनेटवर प्रत्येक मॉडेलचं इक्वलायझर सेटिंग मिळतं. कुठला आवाज किती चढवायचा, किती उतरवायचा, सगळं तयार. एका रविवारी जुईनगरच्या घरी, बाल्कनीत बसून मी ते हेडफोनमध्ये भरलं. बेस, म्हणजे खालचा घुमणारा आवाज, जरा कमी वाटला, म्हणून स्वतःच्या अकलेनं आणखी चढवला. (ही अक्कल कुणी मागितली नव्हती.)

त्याच सुमारास सासऱ्यांच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन ठरलं. मी त्यांना मामा म्हणतो. नांदेडकडच्या गावात त्यांनी जन्मभर ढोलकी वाजवली. दर जयंतीला आमच्या सोसायटीत सुनंदा, म्हणजे माझी बायको, आणि तिचं महिला मंडळ गातं, साथीला मामा. यंदा जयंतीपर्यंत हात गळ्यात राहणार होता. पुढं ढोलकी जमेल की नाही, हे डॉक्टरही सांगेनात. म्हणून ऑपरेशनआधी गाणं रेकॉर्ड करून घ्यायचं आणि जयंतीला तेच लावायचं ठरलं.

“जावई, माजी ढोलकी तुमच्या हाती हाय आता,” मामा म्हणाले. “नीट सांबाळा.”

मी मान डोलावली. असल्या वेळी माझी मान फार छान डोलते.

रेकॉर्डिंग झकास झालं. मामा दवाखान्यात गेले आणि मी चष्मा काढून, हेडफोन चढवून लॅपटॉपसमोर बसलो. ऐकतो तर काय, ढोलकीच्या डाव्या तोंडाचा घुमारा असा, की शेजारी कुणी कपाट सरकवतंय. त्यात बायकांचे आवाज बुडालेले.

“मामांचा डावा हात जड पडलाय,” मी जाहीर केलं.

“दादांचा?” सुनंदा म्हणाली. वडिलांना ती दादा म्हणते. “आजवर कुणी बोललं नाही असं.”

“आजवर कुणाकडे असे हेडफोन नव्हते.”

“मग एकदा मोबाइलवर लावून बघा ना.”

“मोबाइलच्या स्पीकरला बेस काय कळणार?”

घुमारा थोडा कापला. तरी घुमतोच! आणखी कापला. शेवटी गाणं कसं स्वच्छ झालं. मी समाधानानं ते त्याच फाइलवर सेव्ह केलं. जुनं खराब गाणं ठेवायचं कशाला?

जयंतीच्या दिवशी मंडपात मोठे स्पीकर लागले. मामा गळ्यात हात अडकवून पुढच्या खुर्चीत, नवा सदरा घालून. मांडीवर ढोलकी होतीच, ती ते कुणाला धरू देत नाहीत. गाणं सुरू झालं. बायकांचे आवाज खणखणीत आले आणि ढोलकीच्या जागी कुणीतरी बिस्किटाच्या डब्यावर बोटं वाजवावीत तसं टिकटिक टिकटिक.

मामांनी मागं वळून मला शोधलं. “जावई, माजा डावा हात कुटं गेला?”

मी खांबाआड सरकलो. त्या माणसाची कदाचित शेवटची ढोलकी होती, आणि अर्धी मी कचऱ्यात टाकली होती. मंडपात कुजबुज वाढली.

मामांनी मात्र थोडं ऐकलं, मान हलवली आणि सुनंदाला म्हणाले, “माइक आन इकडं.” उजवा हात गळ्यातच. डाव्या हातानं त्यांनी पहिला घुमारा दिला तो बरोबर समेवर. स्पीकरमधला त्यांचा उजवा हात आणि समोरचा डावा, दोघांनी मिळून गाणं उचललं. स्वतःचंच वाजवणं ते, त्यांना चुकणार कसं? गाणं संपलं तेव्हा अर्धा मंडप उभा होता. मी खांबाआड डोळे पुसत होतो.

घरी आल्यावर सुनंदानं हेडफोन मागितले आणि मामांचं एक जुनं रेकॉर्डिंग लावलं. “बाई गं, कान दडपले,” म्हणून लगेच काढले. मग माझ्या तोंडाकडे पाहत विचारलं, “सेटिंग करताना चष्मा होता?”

“होता. गाणी ऐकत समोरचा रस्ता बघत होतो.”

“आणि लॅपटॉपसमोर?”

लॅपटॉपसमोर मी चष्मा काढतो, जवळचं मला तसंच दिसतं. आता चष्मा घालून ऐकलं, बेस अगदी बेताचा. काढून ऐकलं, कपाट सरकलं. चष्म्याच्या काडीमुळे हेडफोनची गादी कानाला नीट चिकटत नाही, त्या फटीतून बेस निसटतो. इंटरनेटवरची मापं पुतळ्याच्या डोक्यावर घेतात म्हणे, आणि पुतळ्याला चष्मा नसतो. निसटलेला बेस मी वरून भरला होता. चष्मा काढल्यावर फट बुजली आणि भरलेला सगळा बेस कानात.

“म्हणजे घुमत होते हेडफोन,” सुनंदा म्हणाली, “आणि कापलंत दादांना.”

मामांचा खांदा आता सुधारतोय. पुढच्या जयंतीला ते दोन्ही हातांनी वाजवणार आहेत. मंडळानं मलाही एक जबाबदारीचं काम दिलंय, सतरंज्या अंथरायचं. “एकट्यानं नको,” मामांनी तेवढी सूचना केली, “कुनीतरी सोबत द्या त्येंना.”