आज किती वाकला?

अश्दोदच्या रिबेकाबाई खोटं बोलण्याच्या भानगडीत कधी पडल्या नव्हत्या. तरुणपणी ठाण्याहून संसार उचलून इस्राएलला आल्या, कापडाच्या कारखान्यात उभ्याने नोकरी केली, नवरा गेल्यावर दुसऱ्या मजल्यावरचं घर एकटीने सांभाळलं. एवढ्या सगळ्यात खोट्यावाचून त्यांचं काही अडलं नाही. ते अडलं सत्तरीच्या तोंडावर, उजवा गुडघा बदलून घेतल्यावर.

ऑपरेशन अठ्ठ्याण्णव सालच्या डिसेंबरात झालं. डॉक्टरांनी काम चोख केलं, असं सगळेच म्हणाले. पुढचं काम मात्र ज्याचं त्याने करायचं असतं, हे बाईंना कुणी नीट सांगितलं नव्हतं. विमा संस्थेच्या दवाखान्यातून ल्युबा व्यायाम करवून घ्यायला घरी यायची. ती रशियातून आलेली, हाताची भक्कम आणि बोलायला थोडी. दोघींचीही हिब्रू मोडकीच, पण दुखतंय आणि अजून वाकवा या दोन विषयांपुरती पुरायची. टाच गादीवरून मागे सरकवत न्यायची, जिथे अडेल तिथे धरून ठेवायचं, आणि मग ल्युबा गुडघ्याला कोनमापक लावायची. "सत्तर," ती म्हणायची. "नव्वद पाहिजे. नव्वदशिवाय जिना नाही, बस नाही."

बाई ओरडत नसत. पदराचा बोळा दातांत धरत. ल्युबा गेली की मात्र उशीत तोंड घालून रडत आणि आपल्याला ज्यांनी ज्यांनी डॉक्टरकडे नेलं, त्या प्रत्येकाला मनातल्या मनात शिव्या देत.

संध्याकाळी नेतिवोतहून धाकट्या भावाचा फोन यायचा. कागदोपत्री तो येहेझकेल, बाईंचा हसकू. त्याचा प्रश्न एकच.

"काय गो बाय, आज किती वाकला?"

हसकूला बहिणीची काळजी होतीच, पण त्यात स्वतःचाही मतलब होता. त्याच्या बायकोचे, लिलीचे, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. डॉक्टर वर्षभर ऑपरेशन करा म्हणत होते आणि लिली घाबरून नाही म्हणत होती. वन्संचं कसं होतं ते आधी बघू, या एका बोलावर तिने गाडं अडवून धरलं होतं. म्हणजे रिबेकाबाईंचा गुडघा एका घराचा नव्हता, दोन घरांचा होता.

पहिल्या दिवशी बाईंनी खरा आकडा सांगितला. पलीकडे हसकू गप्प झाला. ते गप्प राहणं त्यांना सोसवलं नाही. दुसऱ्या दिवशी सत्तर असताना त्यांनी नव्वद सांगितलं.

"फर्स्टक्लास," हसकू म्हणाला.

लेक ओस्नात शेजारी भाज्या चिरत होती. तिला मराठी कळायचं, बोलायची हिब्रूतच. "इमा, लामा?" तिने विचारलं. आई, का म्हणून?

"त्याला बरं वाटतं," बाई म्हणाल्या. मग रोजचंच झालं. ल्युबाच्या आकड्यात वीस मिळवायचे आणि नेतिवोतला कळवायचे. आठवड्याभरात पुरा होईल, मग खरंच होईल, असा त्यांचा हिशेब होता. गुडघा मात्र सत्तरीला येऊन बसला तो बसलाच.

जानेवारीच्या अखेरीस हसकू गेला. सकाळी चहाचा कप हातात होता, तो खाली ठेवला आणि तसाच कलंडला. दुखणं नाही की खुपणं नाही.

रिबेकाबाई शिवाला बसायला नेतिवोतला गेल्या. शिवा म्हणजे सात दिवसांचं सुतक. मयताच्या जवळच्यांनी जमिनीवर बसायचं, लोकांनी भेटायला यायचं. आजारी माणसाला खुर्ची चालते, खुद्द रब्बींनी तसं सांगितलं. बाईंनी ऐकलं नाही. पाठच्या भावासाठी खुर्चीवर बसू? त्या खाली जमिनीवरच्या गादीवर लिलीच्या शेजारी बसल्या, पाय समोर लांब करून. ल्युबाचा फोन आला की तासातासाला उठा, चाला, वाकवा. "सुतकात कवायत करतात का?" बाई म्हणाल्या आणि फोन लेकीच्या हातात दिला. सात दिवस तो पाय असाच लांबलचक पडून राहिला. रात्री ठणकायचा तेव्हा बाईंना एक प्रकारे बरंच वाटायचं. निदान काहीतरी हसकूच्या नावाने दुखत होतं.

सातव्या दिवशी सकाळी मशिदीतले हिलेलभाऊ आले. बेने इस्राएलांतली जुनी माणसं आपल्या प्रार्थनालयाला अजून मशीदच म्हणतात. रिवाजाप्रमाणे त्यांनी सांगितलं, "उठा आता."

लिली आपले मोडके गुडघे सावरत, भिंतीला धरून उठली. रिबेकाबाईंना उठता येईना. गुडघा कुलूप घातल्यासारखा. शेवटी दोघा माणसांनी बगलेत हात घालून, कपाट उचलावं तसं त्यांना उचललं. पाय समोर तसाच ताठ. लिली बघत होती. नव्वद डिग्री वाकणारा गुडघा तिच्या डोळ्यांसमोर हवेत सरळ होता. बाईंनी मान वर केली नाही.

अश्दोदच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, आतून जखडलाय, आता भूल देऊन जोराने वाकवावा लागेल. म्हणजे पुन्हा इस्पितळ, पुन्हा सुरुवात. शुद्धीवर आल्यावर जे दुखलं त्यापुढे पहिलं ऑपरेशन काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लिली भेटायला आली. नेतिवोतहून बसने, काठी टेकत, डब्यात सांदणं घेऊन. खाटेशेजारी बसली. बाईंना आता राहवेना.

"लिली, मी हसकूला खोटं सांगत होते. कधीच नव्वद झाला नव्हता. तू माझ्यावर विसंबून ऑपरेशन करू नको."

लिलीने डब्याचं झाकण काढलं. "ठाऊक होतं त्यांना."

"काय ठाऊक होतं?"

"फोन ठेवला की म्हणायचे, लिली, बायच्या आकड्यातून वीस वजा कर. तिचा आवाज सत्तरचा आहे." लिलीने सांदणाचा तुकडा मोडून त्यांच्या हातात दिला. "पण रोज विचारायचे. म्हणायचे, तेवढं सांगायला तरी ती दिवसभर पाय हलवते."

बाईंनी तो तुकडा कितीतरी वेळ हातातच धरला. भाऊ गेल्यापासून चारचौघांत त्या रडल्या नव्हत्या. त्या आत्ता रडल्या, मोठ्याने, शेजारच्या खाटेवरच्या बाईने वळून पाहिलं इतक्या.

त्यानंतर पाय हलवण्यात त्यांनी कसूर केली नाही. ल्युबा यायच्या आधीच टाच मागे ओढून बसलेल्या असत. घाम फुटायचा, कधी दोन दिवसांची कमाई एका सुजेत जायची. पुन्हा ओढायच्या. वसंतातला पेसाहचा सण होऊन गेला.

एका संध्याकाळी नेहमीच्या वेळी फोन वाजला. त्या वेळेला आताशा कुणी फोन करत नसे. लिली होती.

"वन्सं, आज किती वाकला?"

"नव्वद."

"म्हणजे सत्तर," लिली म्हणाली.

"नाही गो," रिबेकाबाई म्हणाल्या. "यातून काही वजा करू नको."

लिली म्हणाली, "बरं. उद्या मी डॉक्टरकडे नाव घालते."