वेडावणं

आमच्या घरी आईला अव्वा म्हणतात. माझं माहेर उदगीरचं, तिथून कर्नाटक हाकेच्या अंतरावर, त्यामुळे कानडी आमच्या घरात न विचारताच शिरलेली. लग्न होऊन मी नांदेडला आले, विष्णुपुरीत रमले, पण रोज सकाळी अव्वाला फोन केल्याशिवाय मला चहा गोड लागला नाही. भाजी, पाहुणे, रुसवेफुगवे, सगळं त्या फोनवर.

गेल्या वर्षी तो फोन बिघडला. म्हणजे फोन धड होता, बिघडले होते अव्वाचे कान. मी विचारलं, "तपासणीत साखर किती आली?" ती म्हणाली, "भाकर दीडच खाल्ली." मी ओरडून "साखर, साखर" केलं, तर म्हणाली, "वरडू नको. आवाज येतो मला. बोलनं कळत न्हाई."

मला ते ढोंग वाटलं. आवाज येतो आणि बोलणं कळत नाही, हे काय नवीन? मी चिडायची, ती "बरं, बरं" म्हणायची. पुढे तर ती सगळ्यालाच "बरं" म्हणू लागली. एकदा मी म्हटलं, मला ताप आलाय. तरी "बरं, बरं". त्या दिवशी फोन ठेवून मी रडले, आणि पुढच्याच आठवड्यात उदगीरला जाऊन तिला लातूरला तपासणीला नेलं.

तिथे कान तपासणारी मुलगी वयाने लहान, पण कामात पक्की होती. अव्वाला काचेच्या खोलीत बसवून तिने हेडफोन लावले. आत टूं वाजलं की बटण दाबायचं. अव्वाने अगदी इमानदारीत दाबलं. जाड आवाज बऱ्यापैकी ऐकू आले, बारीक मात्र जवळजवळ गायब.

"आतल्या कानाची झीज आहे," मुलगी मला म्हणाली. "स, त, फ असली बारीक अक्षरं निसटतात. म्हणून आवाज येतो, पण शब्द कळत नाही."

मी मान खाली घातली. वर्षभर मी त्या बाईवर ओरडले होते आणि ती खरं तेच सांगत होती.

"आता शब्दांची तपासणी," मुलगी म्हणाली. "मोठ्या आवाजातही शब्द ओळखू आले नाहीत, तर कानाला मशीन लावून नुसता गोंगाट वाढेल." मग तिने अव्वाजवळ बसून सावकाश समजावलं, की मी म्हणेन तो शब्द तसाच परत म्हणायचा. अव्वाने मान हलवली. मुलीने बाहेर येऊन, ओठ दिसू नयेत म्हणून तोंडापुढे कागद धरला आणि माइकमध्ये म्हणाली, "पाणी."

अव्वा गप्प.

"फूल." गप्प. "दार." अव्वा काचेपलीकडून तिच्याकडे बघून गोड हसली, बस्स. मुलीच्या तक्त्यावर फुल्यांवर फुल्या पडत गेल्या. आमचा सकाळचा फोन संपला, एवढंच मला कळत होतं.

हेडफोन काढल्यावर मी तिच्या कानाशी गेले. "अव्वा, काहीच ऐकू आलं न्हाई का गं?"

"आलं की. पानी म्हनली, फूल म्हनली. दोन-चार न्हाई कळले."

"मग बोलली का न्हाईस?"

"ती म्हनती तसंच म्हनू? परक्याच्या लेकीला वेडावू? काय वाटंल तिला?"

आमच्या घरात चोरून खाल्लेला गूळ माफ होता, वेडावणं माफ नव्हतं. लहानपणी मी शेजारच्या काकूंचं बोलणं त्यांच्यासमोरच जसंच्या तसं म्हणून दाखवलं होतं. अव्वाने धपाटा घालून मला त्यांच्या पाया पडायला लावलं होतं.

मी हे सांगितल्यावर मुलगी खो खो हसली. मग थोडा विचार करून म्हणाली, "आजी, परत म्हणू नका. मी काय म्हणते त्यावर नुसतं उत्तर द्या. चालेल?"

ते अव्वाला चाललं. पुन्हा हेडफोन, पुन्हा कागद.

"पाणी."

"नको बाई, आताच पिले."

"फूल."

"वाहिलं सकाळी महादेवाला."

"दार."

"कुलूप लावून आले की."

"ताट."

"लई दुखती, उजव्या अंगानं."

ताटाची पाठ झाली होती. मुलीने हसत हसत फुली मारली. पण बरोबरच्या खुणा फुल्यांपेक्षा जास्त झाल्या. "अशी तपासणी कुठं शिकवत नाहीत," ती म्हणाली, "पण मशीनचा आजींना उपयोग होणार." मी आनंदाने तिचा हातच धरला.

मशीन बसल्यावर अव्वाने आधी तक्रारी केल्या. भांडी फार वाजतात, स्वतःची चप्पलसुद्धा वाजते. मुलीने सांगितलं होतं, सवय होऊ द्या, फोनची घाई नको. पंधरा दिवस मी कसेबसे काढले. सोळाव्या सकाळी फोन लावला आणि सवयीने ओरडलेच, "अव्वा, ऐकू येतंय का?"

पलीकडून माझ्याच चिरक्या आवाजात, माझाच हेल काढून उत्तर आलं, "अव्वा, ऐकू येतंय का?"

अव्वाने जन्मात पहिल्यांदा कुणाला तरी वेडावलं होतं, आणि एकही अक्षर चुकलं नव्हतं. मी म्हटलं, "अजून एकदा म्हण."