मुल्लानपूरची सापशिडी

चंदीगडला बदली झाली आणि रविवारी जुनी खेळणी शोधत गाडीने भटकायचा नाद मला लागला. मुल्लानपूरच्या रस्त्यावर एका भंगारवाल्या सरदारजींकडे माझ्या लहानपणी होती तश्शीच सापशिडी दिसली.

"पहले एक बाज़ी, जी," ते म्हणाले. "अधूरा खेल मैं नहीं बेचता."

सोंगट्या, फासा सगळं शाबूत आहे, याची खात्री म्हणे गिऱ्हाइकाशी पूर्ण डाव खेळूनच पटते.

फासा मुठीत धरून ते दाढीपाशी नेत, काहीतरी पुटपुटत. तरीही साप लागला, तर माझ्यापुढे चहा सरकवता सरकवता आपली सोंगटीही एक घर सरकवत. हरायची वेळ आली की नेमकी दुकान बंद करायची वेळ व्हायची. मग डाव पुढच्या रविवारी!

"अहो, ऑनलाइन मागवा की," बायको म्हणायची. मला खेळणं हवंय की डाव, हे आता मलाच सांगता येत नव्हतं.

शेवटी नागपूरला बदली झाली. हे ऐकल्यावर मांडलेला डाव मोडून त्यांनी खोकं सुतळीने बांधलं.

"पूरा है, जी. पक्का."

नागपुरात खोकं उघडलं. पट होता, सोंगट्या होत्या, फासा तेवढा नव्हता.

तसं म्हटलं तर पाळी त्यांचीच होती.