दुमजली बटणांची बेस गिटार

गडचिरोली जिल्हा वेगळा झाला त्या सुमारास सावली गावच्या आमच्या भीमगीतांच्या पार्टीत एक विलायती बेस गिटार होती. चार जाड तारांची, नागपूरच्या एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राकडून आलेली. ती वाजवणाऱ्याला आम्ही सगळे भाऊ म्हणायचो; तो राइस मिलमध्ये पोती उचलायचा. चामोर्शीच्या कार्यक्रमात त्याला ऐकून चंद्रपूरच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याने निरोप धाडला, की गिटार घेऊन ये, जमलं तर कायमचा ठेवून घेतो. पोत्यांखालून सुटायची भाऊला तेवढीच वाट होती.

मी तेव्हा चळवळीची पत्रकं लिहायचो. आमच्या वस्तीला नेहमी उतरलेलाच माल मिळतो हे मला पाठ होतं. रेशनचा किडका तांदूळ, शाळेची फाटकी पुस्तकं. एका फोटोत मला अशाच गिटारीवर तीन बटणं दिसली. आमच्या गिटारीवर दोनच, तीही दुमजली. खालचं वेगळं फिरे, वरचं वेगळं. म्हटलं, बघा, कारखान्यातला बिघडलेला नग आपल्या गळ्यात मारला.

भाऊ म्हणाला, "आवाजात खोट नाई ना रे. काऊन हात लावतं?"

मी त्याला भाषण दिलं. अन्याय सोसायची सवयच लागली तुम्हाला, असंही म्हणालो. त्याने गिटार माझ्यापुढे सरकवली. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून मी गिटार 'बरोबर' करून घेतली. त्याने वरच्या पत्र्याला तिसरं भोक पाडलं, आतलं लाकूड कोरलं, रेडिओची बटणं बसवली. जुनी फेकून दिली.

चंद्रपूरला मीही गेलो, ऐटीत. ऑर्केस्ट्रावाल्याने गिटार पाहिली आणि खालीच बसला. कारखान्याने पहिल्या थोड्याच गिटारींना दुमजली बटणं लावली, नंतर तीन सुटी, असं त्याने सांगितलं. तीनवाल्या सापडतात. दुमजली त्याने आयुष्यात एकच पाहिली होती, हीच. जुनी बटणं कुठे आहेत, हे त्याने दोनदा विचारलं.

भाऊने वाजवून दाखवलं. सुरांखाली सारखी घरघर.

"वाजवता चांगलं जी," ऑर्केस्ट्रावाला म्हणाला, "पण वाजवणारे मले इथीच भेटतात. तशी गिटार नाई भेटत."

परतीच्या एसटीत मी माफी मागायला तोंड उघडलं, आणि निघालं भलतंच: विकणाऱ्याने सांगायला नको होतं का? अजूनही मला ते खरंच वाटतं. चांगली वस्तू ओळखायची सवय आम्हाला कोणी लागू दिली होती? पण भोक पाडायला बाहेरून कोणी आलं नव्हतं.

भाऊने डोळे मिटले. "उद्या सकाळी मिलात जाच्चं हाये मले. झोपू दे."