मुंढा साडेनऊ

गेल्या वैशाखातला दुसरा सोमवार. शिलाई तीनशे ऐंशी रुपये, रोख. हजर होते ते असे: मी, टेलर अप्पा, त्याचे दोन कारागीर, आणि बाकावर बसलेली तीन गिऱ्हाइकं. त्यांतला एक आमच्या भागातल्या मेहकर गावचा शेतकरी होता. तो अकरा वर्षं आमच्याच आडत दुकानात तूर आणि सोयाबीन घालतो आणि मी केलेली पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाची चिठ्ठी, न वाचता घडी घालून खिशात ठेवतो. निदान तोवर ठेवत होता.

मी भालकीत आडतीवर मुनीम आहे. माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा पाऊण इंच खाली आहे आणि पोट छातीपेक्षा दोन इंच जास्त आहे. त्यामुळे तयार शर्ट मला बसत नाही. वीस वर्षं मी अप्पाकडेच शिवत आलो. त्या वर्षी मला उघड्या गळ्याचा, बाहेर सोडायचा बुशशर्ट हवा होता. हल्ली त्याला कॅम्प कॉलर म्हणतात. कॉलरला खाली उभी पट्टी नसते, ती खांद्यावर सपाट पडते. उन्हाळ्यात गळ्याला वारा लागतो.

लग्नसराई होती. अप्पा फोनवर म्हणाला, "मुनीमसाब, मापं घरीच घ्या, कापडासंगं चिठ्ठी पाठवा. हितं पाय ठिवायला जागा न्हाई." बायकोनं टेप धरली, मी आकडे लिहिले. उंची अठ्ठावीस, छाती बेचाळीस, पोट चव्वेचाळीस, खांदा अठरा, बाही साडेनऊ. मुंढा, म्हणजे बाहीचा घेर जिथं शर्टाला बसतो तो भाग, तोही साडेनऊ. जागा थोडी वाटली, म्हणून मी क्विंटलला 'क्विं.' लिहितो तसं मुंढ्याला 'मुं.' लिहिलं.

अप्पा घरात कन्नड बोलतो. कन्नडमध्ये 'मुंदे' म्हणजे पुढे. त्यानं 'मुं. साडेनऊ' वाचलं आणि पुढच्या दोन्ही बाजू साडेनऊ-साडेनऊ इंचांच्या कापल्या.

शर्ट घालून बघितला तर छातीवर तो ताणून बसला आणि पोटावर दोन बटणं लागेनात. मी आरशात बघत असतानाच अप्पानं माझी चिठ्ठी खिळ्यावरून काढली.

"बघा. मुंदे साडेनऊ. तुमचंच अक्षर हाय."

"मुंदे न्हाई, अप्पा. मुंढा हाय ते. मुंढा!"

"मुंढा आसंल तर मग 'ढ' कुठाय?" त्यानं चिठ्ठी बाकाकडे फिरवली. "तुमी सांगा की मंडळी, ह्याच्यात 'ढ' दिसायलाय का कुणाला?"

एक कारागीर मशीनवरून मान न उचलता म्हणाला, "कागदावर दिसंना. आरशासमोर हुबा हाय की."

सगळे हसले. मेहकरचाही हसला. अप्पा इतका हसला की त्याला चष्मा काढावा लागला. मग चष्मा पुसत म्हणाला, "शिलाई तेवढी देऊन जावा, मुनीमसाब. कापायचं काम केलंय मी, वाचायचं न्हाई."

मी पैसे दिले. न बसणारा शर्ट पिशवीत घातला आणि निघालो.

गोष्ट तिथं संपली असती. पण भालकीचं मार्केट लहान आहे. गुरुवारी हमाल मला विचारू लागले, "मुनीमसाब, 'ढ' किती क्विंटल?" मी ऐकून घेतलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात मेहकरचा शेतकरी सोयाबीन घेऊन आला. मी पट्टी करून दिली. त्यानं ती घडी घातली नाही. दारात उभं राहून त्यानं मोबाइल काढला, वजन आणि भाव बोटानं दाबले आणि आकडा जुळतो का ते बघितलं. जुळला. मग पट्टी खिशात घालून तो गेला. मागचे दोघे ते बघत होते. त्यांनीही मोबाइल काढले.

माझ्याकडे शेत नाही, दुकान नाही. माझी बेरीज कुणी तपासत नाही, एवढीच माझी मिळकत. ती अप्पानं एका अक्षरावर हसून घालवली. त्या दिवशी मी ठरवलं की ह्याला ह्याच्याच कामात, ह्याच्याच दुकानात, बसलेल्या माणसांसमोर खाली बघायला लावायचं. भांडून नव्हे. भांडण झालं असतं तर तो जिंकला असता, कारण त्याची जीभ माझ्यापेक्षा चांगली आहे.

बायको साड्यांना फॉल लावते, ब्लाउज शिवते. पायाची मशीन घरात आहे. मी तिला सांगितलं की मी शर्ट शिवणार. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आधी आपल्या उशीचा अभ्रा शिवून दावा."

अभ्रा शिवला. चार बाजूंपैकी तीन सरळ आल्या.

शर्टाचा कागदी पॅटर्न मी मोबाइलवर विकत घेतला. तो साध्या कागदांवर छापायचा, कागद कडेला कडा लावून चिकटवायचे, मग त्यावरून कापायचं. एकूण अठ्ठावीस पानं. पहिल्या पानावर एक चौकोन असतो आणि तो बरोबर पाच सेंटिमीटर भरला पाहिजे असं लिहिलेलं असतं. झेरॉक्सवाल्यानं छापून दिल्यावर मी तिथंच मोजपट्टी लावली. चार पूर्णांक आठ.

"दोन मिलीमीटरनं काय व्हतंय, काका?" झेरॉक्सवाला म्हणाला.

शंभराला चार कमी होतात. पोट चव्वेचाळीस आणि वर दोन इंच सैल, अशा सेहेचाळीस इंचांच्या घेरावर ते जवळजवळ दोन इंच. मला दोन इंचांची किंमत माहीत होती. मशीन पान कागदात बसवायला आपसूक लहान करत होती. ती सोय बंद करायला लावून मी अठ्ठावीस पानं पुन्हा काढली. चौकोन पाच भरला तेव्हा घरी गेलो.

पॅटर्नच्या प्रत्येक तुकड्यावर मी पूर्ण शब्द लिहिले. पुढचा भाग उजवा, पुढचा भाग डावा, पाठ, मुंढा. एकही टिंब दिलं नाही. उजव्या खांद्याला पाऊण इंच उतार दिला, पोटाकडे घेर वाढवला आणि वाढवलेलं सगळं वहीत मांडलं.

पहिला शर्ट जुन्या चादरीचा केला. त्यात एक बाही उलटी बसली. बायको पदर तोंडाला लावून आतल्या खोलीत गेली. दुसरा शर्टही चादरीचाच. त्याच्या कॉलरचं डावं टोक उजव्यापेक्षा तीन मिलीमीटर लांब आलं. रविवारची दुपार, जेवण झालं की मी मशीनवर बसायचो. एकेका शिवणीला मला अप्पाचा पुसलेला चष्मा दिसायचा. मी काय बोलणार ती वाक्यंही पाठ करत होतो. दुसऱ्याच्या वाईटाचा इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता, आणि तो मी पायडल मारत घेत होतो.

एका रविवारी बायको मागं येऊन उभी राहिली.

"अहो, शर्ट शिवायलाव का कुणाचं मढं बांधायलाव? दात कामून खायलाव एवढे?"

"कॉलर नीट बसंना."

"कॉलरला काय म्हाईत तुमचं भांडण? धागा वढू नका. सैल सोडा, आपून बसंल."

तिचं बरोबर होतं. रागानं मी कापड मागून ओढत होतो, म्हणून टोक लांबत होतं. त्या दिवसापासून राग डोक्यातच ठेवला आणि हात मोकळे केले.

खऱ्या शर्टाला मुद्दाम चौकडीचं कापड घेतलं, निळ्या आणि पांढऱ्या रेघांचं. साध्या कापडात चूक लपते. चौकडी जुळली नाही तर रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसते, आणि जुळली तर ती फक्त टेलरलाच दिसते. मला टेलरलाच दाखवायचं होतं. चौकडी जुळवायला कापड जास्त लागतं, म्हणून सव्वादोनच्या जागी पावणेतीन मीटर घेतलं.

कापायला दोन रविवार गेले. खिशाची चौकडी खालच्या चौकडीवर एका धाग्याचाही फरक न करता ठेवली. उघड्या गळ्याच्या शर्टात एक जागा अवघड असते. कॉलर संपते आणि पुढच्या भागाची आत दुमडलेली पट्टी सुरू होते, तिथं कात्रीनं शिवणीपर्यंत चीर द्यावी लागते. कमी चिरलं तर कोपरा चुरगळतो, जास्त चिरलं तर भोक पडतं. कात्री शिवणीच्या एक धागा अलीकडे थांबवायची. मी श्वास धरून चिरलं. तरी कॉलर चार वेळा उसवली. पाचव्यांदा दोन्ही टोकं सारखी आली. मोजपट्टी लावून बघितली, मग टेप लावून बघितली, मग बायकोला बघायला लावली.

ती म्हणाली, "आता काजं तेवढी ऱ्हायली. माझ्या मशीनवर न्हाई व्हत. चौकातल्या पोराकडं द्या, चांगली करतंय."

"न्हाई. अप्पाकडं."

"मला वाटलंच," ती म्हणाली.

दसऱ्यानंतरचा बाजाराचा दिवस मी निवडला. अकरा वाजता दुकान भरलेलं असतं. बाकावर चार माणसं होती. त्यांत मेहकरचा शेतकरी पँटची वाट बघत बसला होता. तो असेल असं मी ठरवू शकलो नसतो, पण तो होता. शर्ट मी वर्तमानपत्रात गुंडाळून नेला होता. तो फळीवर ठेवला.

"अप्पा, पाच काजं आन् पाच बटणं."

अप्पानं नेहमीच्या सवयीनं शर्ट आधी उलटा केला. टेलर माणूस आतली बाजू आधी बघतो. मग सुलटा केला. कॉलर खांद्यावर पाडून बघितली, उचलली, पुन्हा पाडली. खिशावरून अंगठा फिरवला.

"कुठं शिवून घेतलाव? उदगीरला?"

"न्हाई."

"मग बिदरला. मुनीमसाब, आमच्यावर रुसलाव व्हय?" तो बाकाकडे वळला. "बघा हे. खिसा हाय का न्हाई ते बोटानं शोधावं लागतंय. असला हात आता ऱ्हायला न्हाई कुणाचा. मुनीमसाब, कोण हाय हा कारागीर? दिवाळीपस्तोर मला द्या. रोजी सातशे देतो. जेवण माझ्याकडं."

"सातशे नक्की?"

"नक्की म्हंजे? ह्या चौघांसमोर बोलायलोय."

"मीच शिवलाय."

दोन्ही मशीन थांबल्या. अप्पानं शर्ट पुन्हा उलटा करून बघितला.

"वैनीनं शिवला आसंल."

"तिनं शिवला असता तर एकदाच शिवला असता. कॉलर उजेडात धरा. चार वेळा उसवल्याली भोकं दिसतील सुईची. ती माझी हायेत."

त्यानं कॉलर उजेडात धरली. भोकं होती. मेहकरचा उठून जवळ आला आणि त्यानंही बघितली.

पाठ केलेली सगळी वाक्यं मी विसरलो होतो. त्यांच्याऐवजी तोंडातून हे आलं: "अप्पा, एक बेरीज सांगा. पाठ तुमी तेवीस इंच कापली होती. पुढच्या दोन्ही बाजू मिळून एकोणीस. किती झाले?"

"बेचाळीस," तो म्हणाला. नाही म्हणायला त्याला वेळच मिळाला नाही.

"चिठ्ठीत पोट किती लिवलं होतं?"

त्यानं चिठ्ठ्यांच्या खिळ्याकडे बघितलं. आकडा त्याला आठवत होता, ते त्याच्या डोळ्यांत दिसलं.

"चव्वेचाळीस," मी म्हणालो. "अक्षर कळंना तर विचारायचं. पण आकडा तर कळत होता की. चव्वेचाळिसाच्या पोटाला बेचाळिसाचा शर्ट कापताना कात्री कशी थांबली न्हाई तुमची?"

मेहकरचा हसला. या वेळी तो माझ्याकडे बघून हसला नाही. "अप्पा, मुनीमसाबचा हिशोब पक्का हाय," तो म्हणाला. "आमी अकरा साल बघायलोत." मागं कुणीतरी म्हणालं, "मग सातशे रोजीवर ठिवून घ्या की मुनीमसाबला." सगळे हसले. ज्या कारागिरानं मला आरशासमोरचा 'ढ' म्हटलं होतं, तो खाली वाकून बॉबीन शोधू लागला. बॉबीन मशीनवरच होती.

अप्पाचा चेहरा मी नीट बघून घेतला. वैशाखापासून मी तोच बघायला येत होतो. कानापर्यंत लाल झाला होता आणि हात कुठं ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. मला जराही वाईट वाटलं नाही.

एक गोष्ट मी त्याला सांगितली नाही, आणि सांगणारही नाही. टिंब मीच दिलं होतं. 'मुंढा' पूर्ण लिहायला जागा होती. मी ती मोजून बघितली आहे, अक्षरं आरामात मावली असती. अर्धी चूक माझी आहे. ती मी इथं लिहून ठेवतो, कारण इथं खोटं लिहिणं मला जमत नाही. पण ती त्याच्या हातात द्यायला मी बांधील नाही.

काजं त्यानं दुकानाच्या कोपऱ्यातल्या नव्या बाईकडे दिली. ती भाद्रपदात लागली होती. तिनं हातानं केली, घट्ट आणि एकसारखी. अर्ध्या तासात शर्ट माझ्यासमोर आला. मी तिथंच अंगावरचा शर्ट काढून तो घातला. पाचही बटणं लागली.

"पैसे ऱ्हाऊ द्या, मुनीमसाब," अप्पा हळू आवाजात म्हणाला. "आपल्यात काय पैसे."

"काजं कुणी केली?"

"हिनं."

"तुमचा भाव काय?"

"एकाला सहा. बटणासकट."

मी त्याच्या फळीवर काही ठेवलं नाही. कोपऱ्यात गेलो, पाच सक तीस मोजले आणि ते त्या बाईच्या हातात दिले.